पित्तनळ्यांवरचा पहारा

१२ जानेवारी

आधी एकेकाची खुशाली विचारतो.

यकृता, तू कसं आहेस? डॉक्टरीणबाईंनी काल तुझं चित्र काढून दाखवलं. उजव्या बरगडीखाली एवढा मोठा ऐवज आहे, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं, माफी असावी. पित्ताशया, तुझं काय चाललंय? तू म्हणे साठवणुकीच्या खात्यातला, म्हणजे आरामाची नोकरी. थोरल्या पित्तनळी, तू सोनोग्राफीत ठणठणीत दिसलीस, आनंद वाटला. धाकट्या नळ्यांनो, तुमची मात्र काळजी वाटते. केसाहून बारीक तुम्ही, आणि मार तुम्हालाच बसतोय. आतड्या, तुझं वेळेवर चाललंय ना? आणि रक्तातल्या पहारेकऱ्यांनो, तुमची विचारपूस सगळ्यात शेवटी करतोय, ते मुद्दाम.

ही माझी जुनी पद्धत. मी बाटल्यांच्या कारखान्यात हेड वॉचमन होतो. नव्या गेटवर रुजू झालो की काठी टेकवायच्या आधी सगळ्यांची चौकशी करायचो, तिथल्या कुत्र्यासकट. काल दवाखान्यातून परत येताना ठरवलं, हेही एक गेटच आहे. गेट म्हणजे माझी बायको. आजपासून मी तिच्यावर रुजू, म्हणून ही दैनंदिनी.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दुखणं पित्तनळ्यांचं आहे. यकृत पित्त तयार करतं. ते बारीक नळ्यांतून वाहत मोठ्या नळीत येतं आणि तिथून आतड्यात, तेलकट पचवायला. काकूंच्या यकृतातल्या सगळ्यात बारीक नळ्या खराब होताहेत."

"कोण करतंय खराब?"

"त्यांच्याच रक्तातले पहारेकरी."

मी खुर्चीतून उठलो. "वॉचमन?"

"तसंच समजा. जंतू आला की त्याला मारायचं त्यांचं काम. पण इथे ते घरच्याच नळ्यांच्या भिंती फोडताहेत."

हिनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. "अहो, तुम्हाला नाही म्हणत आहेत त्या."

पण जे लागायचं ते लागलंच. आमच्या धंद्यात चोर सुटला तर माफी आहे. घरच्या माणसाला मारहाण केली तर नाही.

१५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंचं उरलेलं लिहून ठेवतो.

नळीची भिंत सुजली, फुटली, की पित्त पुढे सरकत नाही, तुंबतं. आणि पित्त म्हणजे काही गरीब पाणी नव्हे. तेलाचा डाग काढणारा साबण असतो ना, त्या जातीचं. तुंबलं की ज्या यकृतानं बनवलं त्यालाच चावत बसतं. चावल्या जागी जखम, जखमेच्या जागी चिवट धागे, असं होत होत मऊ यकृत चामड्यासारखं होतं. आणि हे सगळं वर्षानुवर्षं, हूं की चूं न करता. हिला थकवा यायचा, तो आम्ही वयावर ढकलला. तळहात-तळपाय खाजायचे, तर साबण बदलला. डोळे कोरडे पडायचे, तर ही म्हणायची, "पडद्यांची धूळ." ही घरी बसून लोकांचे पडदे शिवते.

आज जिन्यात समोरच्या घरातल्या निवृत्त गुरुजींनी मला गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "हेडसाहेब, यकृताचं म्हणजे... वहिनी घेतात का?"

"काय घेतात?"

"तेच हो."

"गुरुजी, ती खोकल्याचं औषधसुद्धा अर्धा चमचा घेते."

"तसंच सुरू होतं," म्हणाले.

औषध सुरू झालं. ह्या गोळीतलं जे आहे ते म्हणे पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तात सापडलं. आता कारखान्यात बनतं, अस्वलाला त्रास नाही. मी विचारून घेतलं. हेही पित्तच, पण सौम्य. तुंबलेल्या जहाल पित्तात मिसळून ते त्याला निवळ करतं आणि पुढे ढकलतं. ही गोळीला 'अस्वल' म्हणायला लागली आहे. "द्या हो माझी अस्वलं," म्हणते. रोज घ्यायची, आयुष्यभर.

सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यात एका लांब नावाचा आकडा असतो, तो उतरायला हवा. उतरला तर यकृत पुष्कळ वर्षं साथ देईल. नाही उतरला तर... इथे डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मी पुढचं विचारलं नाही.

२३ जानेवारी

पहारेकऱ्यांना आज पहिला मेमो दिला. दिला म्हणजे वाचून दाखवला, कारण आत पोचवायची सोय नाही. ही दुपारी आडवी झाली होती. मी टोपी घातली, तिच्या बरगडीपासून वीतभर अंतरावर उभा राहिलो आणि खड्या आवाजात वाचलं:

'रक्तातील सर्व पहारेकऱ्यांस कळविण्यात येते की, बारीक पित्तनळ्या ह्या घरच्या असून त्यांना धक्काबुक्की करण्याचे कारण नाही. जंतू दिसल्यास जरूर मारावे. खात्री नसल्यास आधी ओळखपत्र विचारावे.'

"अहो, हळू. मला हसू येतं, आणि हसले की दुखतं."

"कुठे दुखतं? नळ्यांच्या बाजूला?"

"हसण्याच्या बाजूला."

तेवढ्यात अक्का दार लोटून आत. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण; जवळच राहते आणि दार वाजवणं तिला कमीपणाचं वाटतं.

"हे काय चाललंय?"

"मेमो," मी म्हटलं.

"कुणाला?"

मी बरगडीकडे बोट दाखवलं. अक्कानं पिशवी खाली ठेवली आणि बसून घेतलं. "भाऊजी, तुम्ही बघायला आला होतात तेव्हाच मी बाबांना म्हटलं होतं, हा मुलगा डोक्यावरची टोपी काढत नाही, काहीतरी गडबड आहे."

"मग बाबा काय म्हणाले?" हिनं विचारलं.

"म्हणाले, टक्कल असेल."

दोघी बहिणी हसत सुटल्या. मी मेमोवर 'वाचून दाखविला' असं लिहून सही केली.

२ फेब्रुवारी

आज दवाखान्यात मी चौकशीच लावली. "डॉक्टरीणबाई, पहारेकरी असे का वागतात, कारण सांगा. शिक्षा नंतर बघू."

"काका, नक्की कारण अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. काही रक्तातून, घराण्यातून येतं. काही बाहेरून. धूर असेल, काही रसायनं असतील. काकूंना लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा व्हायचा ना?"

ही म्हणाली, "व्हायचा."

"मग एक अंदाज असा आहे. त्या जंतूच्या अंगात एक तुकडा असतो. आपल्या पेशींमध्ये ज्या बारीकशा भट्ट्या असतात, शक्ती तयार करणाऱ्या, त्यांतही जवळजवळ तसाच तुकडा असतो. पहारेकरी जंतूला पकडायला शिकले ते त्या तुकड्यावरून. मग तोच तुकडा घरात दिसला की घरावरही धावून जायला लागले. अंदाज आहे हं, शपथेवर सांगत नाही."

मला शपथेची गरजच नव्हती. माझ्या हाताखाली एक वॉचमन होता, आम्ही त्याला गरुड म्हणायचो. त्यानं एकदा बाटल्या पळवणारा चोर पकडला; चोराला जाड काचांचा चष्मा होता. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. झालं! त्या दिवसापासून गरुड चष्मा दिसला की झडप घालायचा. हिशेबनीस धरला, भट्टीचा इंजिनियर धरला, शेवटी मालकांच्या आईला गेटवर बसवून ठेवलं. विचारलं तर म्हणतो, "साहेब, चष्मा होता." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. माणूस प्रामाणिक होता, हीच तर अडचण होती.

घरी आल्यावर मी हिचा केसांचा कलप जप्त केला. रसायनं म्हणाल्या ना.

"आणा इकडे," ही म्हणाली. "दुखणं आधीच लागलंय. निदान दिसते तरी बरी."

कलप परत केला. पोच घेतली नाही.

२५ फेब्रुवारी

खाज वाढली. खाज म्हणजे वरवरची नाही. ही म्हणते, कातडीच्या आतून मुंग्या चालतात आणि नखं तिथवर पोचत नाहीत. पित्त तुंबलं की असं होतं. काल भांडी घासायची तारेची घासणी तळव्यावर फिरवताना मी तिला पाहिलं. मशीनवर एका मोठ्या ऑर्डरचा पडदा चार दिवस तसाच लोंबतोय. सुई धरली की हात खाजतो, खाजवला की सुई पडते.

दुपारी ती झोपते तेव्हा मी खोलीतून गस्त घालतो. छाती वरखाली होतेय एवढं बघायचं आणि पुढे जायचं. गस्त कुठल्याही चांगल्या गेटवर असतेच.

डॉक्टरीणबाईंनी खाजेवर पावडर लिहून दिली. पाण्यात कालवून घ्यायची. ही पावडर आतड्यात उभी राहते, पित्त दिसलं की धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. अंगात पित्त कमी, म्हणून खाज कमी. मला पावडर पहिल्या भेटीतच आवडली. वॉचमन असावा तर असा.

कोपऱ्यावर जिचं औषधांचं दुकान आहे ती बाई जरा शिस्तीची आहे. पुडी देताना म्हणाली, "काका, नीट ऐका. ह्या पावडरचं आणि त्या गोळीचं पटत नाही. दोघांना लांब ठेवा. मध्ये निदान चार तास."

"भांडतात?"

"भांडतात म्हणा."

हसूच आलं मला. भांडणाऱ्यांचं काय करायचं हे मला शिकवायचं! कारखान्यात दोन वॉचमन एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. वरचे म्हणाले, एकाला दिवसपाळी दे, दुसऱ्याला रात्रपाळी. मी उलट केलं. दोघांना एकाच गेटवर टाकलं आणि बसायला एकच स्टूल दिलं. आठवडाभर धुसफूस झाली, मग आपोआप जुळलं. पुढे एकाची मुलगी दुसऱ्याच्या घरी दिली. लांब ठेवलं की भांडण मुरतं, जवळ ठेवलं की जिरतं. हे पुस्तकात नसतं.

तेव्हा उद्यापासून सकाळच्या चहाआधी पेल्यात पावडर कालवायची आणि त्याच पाण्यानं अस्वलं गिळायला लावायची. एक पेला, एक वेळ, माझ्या नजरेसमोर. ही दमलेली असते, तिला ह्यात ओढायचं कारण नाही.

१० मार्च

खाज निम्म्यावर आली! ही काल रात्रभर झोपली. आज पडद्याची एक बाजू शिवून झाली.

दोघांचं जुळलं म्हणायचं. मी औषधाच्या दुकानावरून जाताना मुद्दाम छाती काढून गेलो.

५ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. एक पेला, एक वेळ.

अक्का म्हणाली, हिचे डोळे जरा पिवळट दिसतात. मी म्हटलं, पडद्याचं कापड पिवळं आहे, त्याची झाक असेल. अक्कानं पडदा बाजूला सारून पुन्हा बघितलं.

२४ जुलै

आकडा उतरला नाही. उलट चढला.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "गोळ्या रोज घेता ना, काकू?"

"रोज," मी म्हटलं. "माझ्या नजरेसमोर. एक दिवस चुकलेला नाही."

"आणि पावडर..." त्यांनी हिच्याकडे बघितलं. हिनं तोंड उघडलं होतं, पण मी म्हटलं, "सगळं शिस्तीत आहे, डॉक्टरीणबाई. तिकडची काळजी नको." बाहेर पेशंटांची गर्दी होती, त्यांचा वेळ कशाला घ्यायचा.

"म्हणजे गोळी लागू पडत नाहीये," त्या म्हणाल्या. "काहींना नाही पडत. यकृत किती ताठर झालंय ते बघू, कदाचित सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. दुसरं औषध आहे, पण त्यानं खाज वाढू शकते. आणि पुढेमागे यकृत बदलायचा विषय निघालाच तर... ते पुढचं पुढे."

परतताना घराजवळ आल्यावर ही म्हणाली, "त्या पडदेवाल्यांना सांगा, उरलेलं कापड घेऊन जा म्हणावं."

२५ जुलै

हिनं मशीन अक्काला द्यायचं ठरवलं. "पडून गंजण्यापेक्षा तिच्या सुनेला होईल," म्हणाली. मी म्हटलं, घाई काय आहे? तर म्हणाली, "अहो, मला स्वतःच्या हातानं द्यायचंय."

मी गॅलरीत गेलो आणि टोपी झटकत उभा राहिलो. टोपीवर काही नव्हतं.

२७ जुलै

आजचं सगळं लिहितो.

काल दिवसभर विचार केला. पहारेकरी नालायक, हे आधीच सिद्ध झालेलं. पावडर कामाची, खाज कमी झाली हा पुरावा. मग उरलं कोण? अस्वल. सहा महिने घरात खाऊनपिऊन राहिलं आणि काम शून्य. एक तर कामचोर, नाहीतर नकली. मी रीतसर आरोपपत्र तयार केलं, 'कर्तव्यात कसूर केल्याबद्दल', आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन दुकानात गेलो.

दुकानवाली आरोपपत्र वाचताना चांगली हसत होती. "काका, गोळी खरी आहे. देता कशी ते सांगा."

"पाण्याबरोबर."

"कसल्या पाण्याबरोबर?"

"पावडरच्या."

तिचं हसू गेलं. "म्हणजे पावडर कालवता आणि त्याच पाण्यानं गोळ्या गिळायला लावता?"

"समोर उभा राहतो. थेंब ठेवू देत नाही."

"रोज?"

"मी खाडा करणारा माणूस नाही, बाई."

तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं. "काका, पावडर काय पकडायला ठेवलीय?"

"पित्त."

"आणि गोळी काय आहे?"

"अस्वल."

"अस्वलाचं काय?"

"अस्वलाचं पित्..." तो शब्द मी पुरा केला नाही.

"बसा काका," ती म्हणाली. आतून स्टूल आणून दिलं. "पावडरला घरचं पित्त, औषधाचं पित्त, काही कळत नाही. दिसलं की धरायचं. रोज सकाळी गोळी आत येत होती आणि पावडर तिला तिथल्या तिथे पकडून बाहेर नेत होती. पोचली असेल ती थोडीथोडकी. म्हणूनच लांब ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"मला वाटलं, एकत्र ठेवलं की जुळेल."

"जुळलं की," ती म्हणाली. "फारच जुळलं."

घरी आलो तर दारात दोन हमाल शिवणाचं मशीन उचलून उभे. अक्का पुढे, ही मागे. मशीन अर्धं उंबऱ्याबाहेर. मला आत जाता येईना आणि त्यांना बाहेर येता येईना.

मी टोपी काढली. "एक रिपोर्ट द्यायचाय."

"आत्ता?" अक्का म्हणाली. "ह्यांच्या हातात वजन आहे, भाऊजी."

"आत्ताच. नंतर माझ्यानं होणार नाही."

"कुणाविरुद्ध?" हिनं विचारलं.

"हेड वॉचमनविरुद्ध."

मग मशीनच्या वरून सगळं सांगितलं. पावडर, अस्वल, स्टूल, व्याही झालेले वॉचमन. हमाल टक लावून ऐकत होते.

ही म्हणाली, "त्या बाईनं लांब ठेवायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी विचारणारच होते की हे दोन्ही एकत्र चालतं का. माझं तोंड उघडंच राहिलं आणि बोललात तुम्ही."

इतक्या वर्षांत तिनं मला एवढ्या खालच्या आवाजात कधी काही सुनावलं नव्हतं.

मग अक्का सुटली. "हिच्या यकृतावर टोप्या घालून ओरडत बसलात, मेमो वाचलेत, आणि औषध दारातच अडवलंत? कारखान्यातल्या बाटल्या वाचल्या तरी कशा म्हणते मी! पाच महिने माझी बहीण..."

"अक्का, थांब," ही म्हणाली. ती काहीतरी मोजत असल्यासारखी मशीनकडे बघत होती. "म्हणजे गोळी मला लागू पडली नाही, असं नाही."

"मग कसं?"

"गोळी मी अजून धड घेतलीच नाही."

पुढचा हमाल, घामानं डबडबलेला, म्हणाला, "मग चांगलंच की हो, काकू. हरली नाही ती. उतरलीच नव्हती मैदानात."

ही हसायला लागली. पोटाला हात लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी विचारणार होतो कुठे दुखतंय, पण विचारलं नाही.

"काकू, न्यायचं की ठेवायचं?" मागच्या हमालानं कळवळून विचारलं. "बोटं गेली."

"ठेवा हो," ती म्हणाली. "होतं तिथेच ठेवा, उजेडाकडे."

२९ जुलै

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ह्या वेळी ही बोलली, मी पिशवी धरून बसलो. त्या खूप रागावल्या, मग त्यांना हसू आलं, मग पुन्हा रागावल्या. "जे महिने गेले ते गेले, काकू. यकृतावर त्याची थोडी खूण राहील, खोटं नाही सांगत. दुसरं औषध तूर्तास राहू दे. नीट सुरुवात करू आणि तीन महिन्यांनी रक्त बघू."

ताठरपणाची तपासणी झाली. मऊ नाही, पण चामडंही नाही झालेलं.

औषधांचा ताबा आता हिच्याकडे. पावडर सकाळी, अस्वलं रात्रीच्या जेवणानंतर. माझ्याकडे पाणी आणून देण्याचं काम. फक्त पाणी. पेला देताना ती वास घेऊन बघते.

१८ सप्टेंबर

ही माझ्याशी बोलते, पण बेतानं. मीठ द्या, दार लावा, एवढंच. आज मात्र पडद्याला कडी लावताना एका टोकाला मला उभं केलं. "घट्ट धरा. आणि डोकं लावू नका," म्हणाली.

तासभर धरून उभा होतो. खांदा भरून आला. फार बरं वाटलं.

३ नोव्हेंबर

आकडा उतरला.

अगदी खाली नाही, पण जिना उतरायला लागला आहे. डॉक्टरीणबाईंनी कागद हिच्या हातात दिला, माझ्या नाही. ही म्हणाली, "ही अस्वलं कुठवर घ्यायची?"

"आयुष्यभर."

"असू दे," माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "सवय आहे."

निघताना मी त्यांना विचारलं, "ते आतले पहारेकरी? थांबले का ते?"

"नाही काका. त्यांचं चालूच आहे. आपण पित्त वाहतं ठेवतोय, म्हणून नुकसान हळू होतंय, एवढंच."

"सगळ्यांना एकदम काढून टाकता येत नाही?"

"काढले तर उद्या साध्या तापानं काकू जातील. ते खऱ्या जंतूंनाही रोज मारताहेत."

"मग समज देता येत नाही?"

"ते अजून कुणाला जमलेलं नाही," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून त्यांनी पुढे जोडलं, "तुम्ही लिहीत राहा."

४ नोव्हेंबर

रक्तातल्या पहारेकऱ्यांस.

ही आत मशीन चालवतेय, तोवर हे लिहून टाकतो. मेमो नाही, साधंच पत्र आहे. वाचून दाखवणार नाही. ती कामात आहे.

तुम्हाला जानेवारीपासून मी पुष्कळ बोललो. नालायक म्हटलं, तुमच्या खुशालीलासुद्धा शेवटी ठेवलं. ते मागे घेतो. मधे मीही तुमच्यासारखीच ड्यूटी केली. घरच्याच माणसाला दारात धरलं, रोज धरलं, खाडा न करता, आणि संध्याकाळी छाती काढून फिरलो. मला वाटत होतं, मी तिला वाचवतोय. तुम्हालाही तसंच वाटत असणार. ह्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि तिला त्याचा काही उपयोगही झाला नाही.

तिनं मला काढून टाकलं नाही. पाणी देण्यावर ठेवलंय. तुम्हालाही काढता येत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तेव्हा आपल्याला इथेच राहायचंय, तुम्ही आत, मी बाहेर, आणि मधे ती.

एक विनंती आहे. घाई नाही, जमेल तसं करा. मारायच्या आधी एकदा नीट बघा. तिचे हात सुईनं टोचून खरखरीत झालेले आहेत, हसताना ती भिंतीला टेकते, आणि रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. एवढ्यावरून ओळख पटेल. त्या बारीक नळ्या तिच्याच आहेत हो. तिथे चोर कुणी नाही.

मी माझं सगळं लिहिलं. तुमच्यातल्या कुणाला लिहिता येत असेल तर दोन ओळी खरडून पाठवा. उशीर करू नका. मी वाट बघतोय.